आरोग्यविमा : सही करण्याआधी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधून येणाऱ्या पत्रांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून काही पत्रांना येथे एकत्रितपणे उत्तरे देत आहे.

हप्त्यावर अजून १८ टक्के जीएसटी भरावा लागतो का? (शिक्षिका, रत्नागिरी)

नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

आम्ही दोघे, दोन मुले आणि आईवडील (वय ६४ व ६८) अशा सहाजणांची एकच पॉलिसी घेतली तर स्वस्त पडेल का? (आंबा बागायतदार, देवगड)

बहुधा पडणार नाही. कौटुंबिक पॉलिसीचा हप्ता साधारणपणे घरातील सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावरून ठरतो. म्हणजे वडिलांच्या वयाचा भार मुलांच्या हप्त्यावरही पडतो आणि वडिलांच्या एका मोठ्या आजारपणात सर्वांचे संरक्षण वर्षभरासाठी संपू शकते. आईवडिलांची पॉलिसी वेगळी ठेवावी. तुम्हा चौघांसाठी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप (म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) ही रचना, थेट मोठ्या रकमेच्या पॉलिसीपेक्षा बहुतेक वेळा कमी खर्चाची ठरते. मात्र टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिल्यात प्रत्येक वेळचे बिल स्वतंत्रपणे मोजतात, दुसऱ्यात वर्षभरातील बिलांची बेरीज धरतात. याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तुमच्याजवळचे कोणते रुग्णालय त्या योजनेत आहे आणि कोणते उपचार यादीत आहेत, याची चौकशी आधी करा आणि मगच सल्लागारासमोर बसून खासगी पॉलिसीचा आकडा ठरवा.

एका कंपनीचा हप्ता इतरांपेक्षा बराच कमी आहे. घ्यावी का? (दुकानदार, सावंतवाडी)

कमी हप्त्याचे कारण सापडेपर्यंत घेऊ नये. दोन अटी प्रथम पाहा. काही पॉलिसींत गावानुसार विभाग पाडलेले असतात. सिंधुदुर्गाच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, पण मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने भरायचा असतो. आपल्याकडे गंभीर रुग्ण कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईलाच न्यावा लागतो; त्यामुळे ही अट इतरांपेक्षा आपल्याला अधिक महागात पडते. दुसरी अट खोलीभाड्याची. विमा ३ लाखांचा आणि भाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का असेल, तर दिवसाला ३,००० रुपये मंजूर होतात. तुम्ही ६,०००ची खोली घेतलीत तर कपात केवळ भाड्यावर थांबत नाही. डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा, मंजूर होऊ शकतो. जाहिरातीत विम्याची रक्कम ठळक छापतात आणि ही अट आतल्या पानांत बारीक अक्षरांत ठेवतात, हे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. अटींची संपूर्ण प्रत मागून घ्या आणि जाणकाराकडून वाचून घ्या.

मला सात वर्षांपासून मधुमेह आहे. एजंट म्हणतात की अर्जात लिहू नका, तीन वर्षांनी कोणी विचारत नाही. हे खरे आहे का? (हॉटेल व्यावसायिक, मालवण)

हे साफ खोटे आहे, आणि या एका सल्ल्यामुळे किती घरे अडचणीत येतात हे पाहिल्यामुळे सविस्तर लिहितो. तीन वर्षांची गोष्ट आजार *सांगणाऱ्याला* लागू आहे. एप्रिल २०२४पासूनच्या नियमांनुसार, अर्जात नोंदवलेल्या जुन्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. त्यानंतर त्या आजाराचा खर्च अटींनुसार द्यावाच लागतो. आजार लपवणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, परंतु फसवणूक सिद्ध झाल्यास तेव्हाही नाकारता येतो, आणि तोपर्यंतची पाच वर्षे तुम्ही नियमितपणे हप्ते भरूनही प्रत्यक्षात उघडेच असता. रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर विचारतात, “शुगर कधीपासून?” रुग्ण खरे उत्तर देतो, ते केसपेपरवर लिहिले जाते आणि तोच कागद क्लेमसोबत कंपनीकडे जातो. त्यानंतर क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. अर्ज एजंटाने भरला ही सबब टिकत नाही, कारण सही तुमची असते, आणि फोनवर सांगितलेला ओटीपी हीसुद्धा सहीच समजली जाते.

तेव्हा अर्ज स्वतः वाचून भरा. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, चालू गोळ्या हे सर्व लिहा. हप्ता वाढेल, कदाचित एखादी कंपनी नकारही देईल, तर दुसरीकडे विचारा. पॉलिसी हाती आल्यावर तिच्यासोबतची अर्जाची प्रत तपासा. पॉलिसी पसंत नसल्यास परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. ज्यांनी पूर्वी आजार लपवला आहे त्यांनी क्लेमची वेळ येईपर्यंत थांबू नये. पण कंपनीला पत्र पाठवण्यापूर्वी जुनी कागदपत्रे घेऊन सल्लागाराला भेटावे आणि नवी पॉलिसी मंजूर होईपर्यंत जुनी बंद करू नये.

वडील ७२ वर्षांचे आहेत. उत्पन्न जास्त असल्याने आयुष्मान कार्ड मिळणार नाही, असे गावात सांगतात. (चिपळूण)

चुकीचे सांगतात. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. आधार कार्ड घेऊन नोंदणी करा. खासगी विमा असला तरी अडचण नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे निवृत्त लाभार्थी असल्यास मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते.

आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सांगितली आहे. आंब्याचे पैसे आल्यावर विमा काढून मग करू का? (गुहागर)

नाही. मोतीबिंदूसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते आणि निदान आधीच झालेले आहे. ही शस्त्रक्रिया नव्या विम्यातून होणार नाही. ती डॉक्टर सांगतील त्या वेळी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात ती होते. तेथे चौकशी करा. विम्यासाठी मात्र हंगामाची वाट पाहू नका. पॉलिसी सुरू झाल्यावरही पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा खर्च मिळत नाही, आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) पावसाळा त्याच सुमारास सुरू होतो. एकरकमी हप्ता जड जात असेल तर मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय आहे का, हे कंपनीला विचारा.