शंभर कोटी वर्षांपूर्वीची गुहा टिकते कशी?

गुहा म्हणजे पोकळी, ती प्रीकॅम्ब्रियन काळापासून (सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीच्या आधीच्या काळापासून) आजवर टिकेलच कशी, ही तुमची शंका रास्त आहे. पोकळी टिकत नाहीच. टिकतो तो तिच्यातला भराव. चुनखडी किंवा डोलोमाइट (तिच्यासारखाच, मॅग्नेशियम असलेला खडक) समुद्राबाहेर उघडा पडला, पावसाने विरघळला, त्यात खड्डे आणि गुहा झाल्या. मग छताचे तुकडे, माती, वाळू आत साचली आणि समुद्र पुन्हा चढल्यावर वर नवे थर बसले. आज दिसतात ते मधेच तुटलेले थर आणि त्या जागी ओबडधोबड तुकड्यांचा खच.

माझी नजर आधी वरच्या थराकडे जाते. तो भरावावरून अखंड गेला असेल, तर कार्स्ट (खडक विरघळून झालेली खड्डे-गुहांची जमीन) त्याच्या आधीचा. तोही तुटून आत कोसळला असेल, तर जपून. खोलवरचे गरम पाणीही नंतर कधीतरी अशाच पोकळ्या करते. 'प्राचीन कार्स्ट' म्हणून दाखवले जाणारे सगळेच खरे नसतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिशेनला हा भराव चक्क लोखंडाचा आहे. तिथला कॅम्पबेलरँड डोलोमाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा. तो खालून विरघळत गेला, तसा त्याच्यावरचा लोहयुक्त पट्टेदार खडक खड्ड्यांत खचला. एरवी झिजून गेला असता असा समृद्ध हेमॅटाइट (लोहखनिज) त्या खड्ड्यांत बचावला, आणि आज तिथे प्रचंड खाण आहे.

झाडेच नव्हती तर चुनखडी विरघळवणारे आम्ल कुठून आले, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसात विरघळला की सौम्य आम्ल होतेच, आणि तेव्हाच्या हवेत तो आजच्यापेक्षा बराच जास्त असावा. म्हणजे नुसता कार्स्ट दिसला म्हणून जमिनीवर जीव होते असे म्हणता येत नाही. पण ॲरिझोनातल्या सुमारे 120 कोटी वर्षांच्या मेस्कल चुनखडीत, जुन्या कार्स्ट पृष्ठाच्या लगत कार्बन-13 (कार्बनचा जड प्रकार, म्हणजे समस्थानिक) कमी भरतो. जीव हलका कार्बन-12 पसंत करतात. त्यांच्या कुजण्यातून निघालेला वायू झिरपत्या पाण्यात मिसळला, तर खडकात हीच खूण उमटते. शिवाय 1994 मध्ये हॉरोडिस्की आणि नॉथ या संशोधकांनी याच मेस्कलमधून आणि कॅलिफोर्नियातल्या सुमारे 80 कोटी वर्षांच्या बेक स्प्रिंग डोलोमाइटमधून, कार्स्टशी निगडित चर्टमध्ये (सिलिकाच्या कठीण खडकात) सूक्ष्म जीवाश्म मिळाल्याचे प्रसिद्ध केले. समस्थानिकांची खूण एकटी असती तर मी फार ताणली नसती. एकाच जुन्या जमिनीत दोन्ही सापडतात, म्हणून वनस्पतींच्या कितीतरी आधी जमिनीवर सूक्ष्मजीवांचे थर होते हे मला पटते.