कडा ढासळतो कुठून? समुद्रकड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की कड्यांबद्दलची पत्रं वाढतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. वाळूच्या किनाऱ्याची धूप हा वेगळा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी.

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित बाग आहे. बागेचा पश्चिमेचा गडगा कड्यापाशी संपतो, खाली समुद्र. गेल्या पावसाळ्यानंतर काठापासून चार-पाच पावलं आत, काठाला समांतर भेग पडली आहे. तिथेच छोटं घर बांधायचं मनात आहे. कंत्राटदार म्हणतो, 'जांभा आहे, शंभर वर्षं हलायचा नाही.' लाटाही पायथ्याला फक्त उधाणातच लागतात. मग भेग कशाची?

कंत्राटदाराने चिरा, म्हणजे बांधकामाला वापरतात तो जांभा दगड, पाहिला आहे, चिऱ्याखाली काय आहे ते पाहिलेलं दिसत नाही. कोकणातल्या सड्याचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाट खडकाळ पठाराचा, उभा छेद घेतला तर सर्वांत वर कठीण कवच लागतं, अनवाणी चाललं तर तळपाय सोलवटून काढणारं. त्याखाली मऊ, भोकाभोकांचा जांभा. चिरे निघतात ते यातून. त्याच्याखाली पांढरट-पिवळट, मध्येच जांभळी झाक असलेली चिकणमाती. कर्नाटकच्या किनाऱ्यावर हिला शेडी म्हणतात. आणि तळाशी काळा कातळ, म्हणजे बसाल्ट.

जांभा पाणी खाली सोडतो, चिकणमाती सोडत नाही. सगळी मेख इथे आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. सड्यावर मुरलेलं पाणी चिकणमातीपर्यंत उतरतं, तिथे अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या तोंडातून बाहेर पडतं. गौरी-गणपतीनंतर ओहोटी गाठून खाली उतरा आणि कड्याकडे मान वर करून पाहा. एका ठरावीक उंचीवर नेचे आणि शेवाळ यांची आडवी हिरवी रेघ दिसेल, तिच्याखाली ओल पाझरत असेल. जांभा संपून माती सुरू होते ती हीच जागा. तिथली माती फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि थोडी थोडी वाहून जाते. वरचा जांभा पुढे लोंबकळत राहतो. स्वतःचं वजन पेलताना त्याच्या पाठीवर ताण येतो आणि जमिनीवर काठाला समांतर भेग उमटते. तुमची भेग बहुधा हीच आहे.

पुढच्या पावसात या भेगेत पाणी साचतं. भेग ३ मीटर खोल असेल आणि काठोकाठ भरली, तर तिच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३ टनांचा दाब कड्याला बाहेर ढकलत असतो. म्हणून कडे बरेचदा सलग चार-पाच दिवसांच्या झडीनंतर कोसळतात, त्या दिवशी समुद्र शांत असला तरी. समुद्र अशा कड्यात तोडायचं काम कमी करतो, पडलेलं उचलून न्यायचं जास्त. तो ढिगारा पायथ्याशी राहता तर कड्याला टेकू मिळाला असता.

केरळातलं वर्कला याच जातीचं उदाहरण आहे. वर जांभा, खाली वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर, कड्याच्या पोटातून वाहणारे झरे आणि माथ्यावर हॉटेलांची रांग. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हा कडा भूवारसा म्हणून जाहीर केला आहे, तरी माथ्यावरचं सांडपाणी त्याच्याच पोटात मुरत असतं.

तेव्हा घर तिथे नको. मी स्वतः एक ढोबळ माप वापरतो : कड्याची जेवढी उंची, निदान तेवढं अंतर सर्वांत आतल्या भेगेपासून मागे सोडायचं. अंतिम जागा मात्र भूगर्भतज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहूनच ठरवावी. शोषखड्डा, पाण्याची टाकी आणि बागेचं पाटपाणी काठापासून लांब न्या. भेगेच्या आतल्या अंगाला चर खणून पावसाचं पाणी बाजूच्या वहाळाकडे वळवा. भेगेत सिमेंट ओतू नका. त्याने कडा जोडला जात नाही, भेग किती रुंदावते आहे हे मात्र दिसेनासं होतं.

प्रश्न : सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमात आमचा भूखंड बसतो. म्हणजे कड्याचा धोका नाही असं समजायचं का? (गुहागर)

नाही. सीआरझेडचं अंतर भरतीरेषेपासून मोजतात, कड्याच्या काठापासून नाही. पायथा तिरका आणि रुंद असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर आत म्हणजे नेमकं कड्याच्या ओठावर, असंही होऊ शकतं. २०१९च्या अधिसूचनेत किनाऱ्याच्या धोकारेषेचा उल्लेख आहे, पण तिचा उपयोग आपत्ती व्यवस्थापनासाठी सांगितला आहे. परवानगीचा कागद हा परवानगीचा कागद असतो, त्याखालच्या मातीची हमी तो देत नाही.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पात गावाजवळचा कडा दरवर्षी किती मागे सरकतो ते मोजायचं आहे. गूगलवरच्या उपग्रहचित्रांवरून जमेल का? ड्रोन आमच्याकडे नाही. (देवगड तालुक्यातील शिक्षक)

उपग्रहचित्रांचा मोह आवरा. फुकट मिळणाऱ्या सेंटिनेलच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो, लँडसॅटच्या चित्रात ३०चा. गूगलवरची चित्रं बारीक दिसतात खरी, पण दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकमेकांवर ठेवली तर तीच विहीर काही मीटर सरकलेली दिसते. शिवाय काठावरची करवंदीची जाळी पसरली की कडा पुढे आल्याचा भास होतो. मोबाइलच्या जीपीएसमध्येही काही मीटरची चूक ठरलेलीच. तुमचा कडा वर्षाला वीतभर हलत असेल, तर ही साधनं तुम्हाला फक्त स्वतःची चूक मोजून देतील.

खुंट्या ठोका. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेसला १९५१मध्ये हेच केलं : सुमारे ५०० मीटरला एक असे खांब काठापासून आत रोवले आणि दरवर्षी खांबापासून काठापर्यंतचं अंतर टेपने मोजत राहिले. पुढे तिथे जीपीएस सर्वेक्षण आलं, विमानातून लेसर आला. पण सत्तर वर्षांची सलग नोंद आज हाताशी आहे ती त्या साध्या खांबांच्या जोरावर.

तुमच्यासाठी असं करता येईल. काठापासून पंधरा-वीस मीटर आत, पक्क्या सड्यात छिद्र पाडून लोखंडी सळया बसवा आणि त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक सळईपासून काठाकडची दिशा होकायंत्राने एकदा ठरवून वहीत लिहा आणि पुढे तीच धरा, कारण दिशा थोडी चुकली तरी अंतर बदलतं. काठ म्हणजे नेमकं काय, हेही आधी ठरवा : गवत संपतं ती जागा की जमीन मोडते ती? मापं वर्षातून दोनदा घ्या, एकदा मे अखेरीस आणि एकदा दसऱ्यानंतर. टेपचं टोक लांब बांबूला बांधून पुढे सरकवा. मुलांना काठावर पाठवायचं नाही, आणि 'सर, मी धरतो' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

भेगा असतील तर तीन खिळ्यांची पद्धत वापरा : दोन खिळे भेगेच्या एका बाजूला, तिसरा पलीकडे. तिन्ही अंतरं मोजली की भेग नुसती रुंदावते आहे की बाजूलाही सरकते आहे ते कळतं. बाहेरची बाजू खचते आहे का, हे पाहायला भेगेवर आडवी फळी आणि तिच्यावर पाणसळ ठेवा.

याच्या जोडीला एक छायाचित्र हवंच : खाली पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून), मोठ्या ओहोटीला, दरवेळी त्याच खडकावर उभं राहून काढलेलं. वरून घेतलेल्या कुठल्याही मापात एक मोठी त्रुटी राहते. पायथा आत पोखरला जात असताना काठ वर्षानुवर्षं जागच्या जागी असतो, आणि वहीत शून्य, शून्य, शून्य अशी नोंद होत राहते. धोका तर वाढतच असतो. याच कारणाने नॉरफोकमधल्या हॅपिसबर्ग इथे ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण २००१पासून पुळणीवर लेसर यंत्र लावून कड्याचं अख्खं तोंड मोजतं. दोन मोजण्यांची वजाबाकी केली की किती घनमीटर माती गेली आणि ती कड्याच्या कुठल्या उंचीवरून गेली, हे दोन्ही कळतं. ड्रोनची एकमेकांवर चढलेली अनेक छायाचित्रं जुळवूनही हे जमतं. पुढेमागे कुणाचा ड्रोन मिळाला तर तोंडाची छायाचित्रं तिरपी घ्यायला सांगा.

दरड पडली की तारीख, भरतीची वेळ आणि आधीच्या आठवड्यातला पाऊस न विसरता लिहा.

प्रश्न : नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या हल शहरात राहतो. वर तुम्ही म्हणता तोच होल्डरनेसचा किनारा जवळ आहे. सगळे सांगतात, वर्षाला दीड-दोन मीटर जातो. माझ्या ओळखीच्यांच्या शेताशेजारी तीन वर्षं काहीच गेलं नाही आणि मग एका हिवाळ्यात मोठा तुकडा गेला. आकडे चुकीचे आहेत का?

आकडे बरोबर आहेत, फक्त ती सरासरी आहे आणि कडा सरासरीने पडत नाही. होल्डरनेसचा कडा म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेली माती-गोटे. रोमन काळापासून तिथे सुमारे ५ किलोमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्यावरची गावं समुद्रात गेली. पण एका ठिकाणी पाहाल तर काही वर्षं शांतता आणि मग एकदम घसरण. कारण कड्यापुढची पुळण. या किनाऱ्यावर पुळणीचे काही भाग खोलगट असतात आणि ते हळूहळू दक्षिणेकडे सरकतात. ज्या शेतापुढे असा खोलगा येतो, तिथे साध्या भरतीचं पाणीही कड्याला भिडतं. खोलगा पुढे गेला की शेताला उसंत मिळते. तेव्हा ओळखीच्यांना विचारा, पुळण सध्या उंच आहे की खाली गेली आहे? पुढच्या हिवाळ्यासाठी मागच्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

प्रश्न : हे सगळं हवामानबदलामुळेच ना? (पणजी)

काही अंशी. समुद्रपातळी वाढते तशी पायथ्याला लाट लागायचे तास वाढतात. पण कड्यापुढची पुळण झिजली तरी तेच होतं, आणि पुळण झिजण्याची इतरही कारणं आहेत. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्सच्या खडूच्या कड्यांवर २०१६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खडक उघडा पडला की वैश्विक किरणांमुळे त्यात बेरिलियम-१० हे किरणोत्सारी मूलद्रव्य साठत जातं. पायथ्याच्या खडकातल्या त्याच्या प्रमाणावरून अभ्यासकांनी हिशेब मांडला : हजारो वर्षं कडे वर्षाला २ ते ६ सेंटिमीटर मागे जात होते, गेल्या दीडशे वर्षांत २२ ते ३२. तिथे संशयाची सुई आटलेल्या पुळणीकडेही वळते. आपल्याकडे खाड्यांतून बेसुमार रेती उपसून वर हवामानबदलाच्या नावाने बोटं मोडणं सोयीचं आहे, एवढंच म्हणतो.

प्रश्न : गावाच्या कड्याखाली धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर होतो आहे. आता कडा वाचेल का? (मालवण तालुका)

लाटांनी पायथा पोखरला जात असेल तर बंधाऱ्याचा उपयोग आहे. पहिल्या उत्तरातल्यासारखं वरचं पाणी कारणीभूत असेल, तर मोठाले दगड रचूनही कडा त्या दगडांवर येऊन पडेल. म्हणून बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात माथ्यावरचा चर आणि झऱ्यांच्या पाण्याला वाट आहे का, ते ग्रामसभेत विचारा. पायथ्याचे जुने पडलेले दगड 'साफसफाई' म्हणून उचलू देऊ नका. काठालगत चिरेखाण असेल तर आधी ती थांबवा.

शेजारच्या वाडीलाही बैठकीला बोलवा. होल्डरनेसवरच्या मॅपलटन गावाने १९९१मध्ये दोन दगडी धक्के समुद्रात बांधले. गाव आणि रस्ता वाचला, पण दक्षिणेकडे वाहत जाणारी वाळू त्यांच्यापाशी अडली आणि पलीकडच्या काउडनच्या शेतांची धूप वाढली.

प्रश्न : हेदवीची बामणघळ, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरची खडकातली अरुंद घळ, दरवर्षी रुंदावते का? (पुणे)

डोळ्यांना दिसेल इतकी नाही. तो बसाल्ट आहे, जांभा नव्हे. खडकातल्या उभ्या सांध्यातून लाट आत शिरते, कोंडलेली हवा दाबली जाते, लाट परतताना ती झटक्यात सुटते आणि सांधा कणाकणाने उकलतो. कवडीचा फरक पडायलाही फार काळ लागतो. तिथे भीती आहे ती उसळणाऱ्या पाण्याची : शेवाळलेल्या कडेवर उभं राहून फोटो काढू नका, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला तर घळीच्या तोंडापाशी जाऊच नका.