‘जीएसजी ९’ : नावातली सीमा आणि मराठीतलं पथक

जर्मनीच्या ‘जीएसजी ९’ या दहशतवादविरोधी पोलीस पथकाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘सीमा संरक्षण गट ९’ असा होतो. मग दहशतवाद्यांशी लढणाऱ्यांच्या नावात सीमा कुठून आली आणि मराठीत त्यांना गट म्हणावं, दल की पथक, असं एका वाचकाने विचारलं आहे.

पूर्ण नाव ‘ग्रेन्त्सशुत्सग्रुपे नॉइन’. ‘ग्रेन्त्से’ म्हणजे सीमा (शब्द मुळात स्लाव्ह भाषांतला, पोलिशमध्ये आजही ‘ग्रानित्सा’), ‘शुत्स’ म्हणजे संरक्षण, ‘ग्रुपे’ म्हणजे गट. ही सीमा नावात आली राज्यघटनेमुळे. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी दहशतवादी हल्ल्यात ११ इस्रायली खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच मारले गेले. ओलीस धरलेल्यांना सोडवायला गेलेल्या बव्हेरिया राज्याच्या पोलिसांना अशा कामाचं प्रशिक्षणच नव्हतं. नेमबाजांकडे एकमेकांशी बोलायला वायरलेससुद्धा नव्हते. लष्कर आणायला घटनेची आडकाठी, आणि पोलीस हा आपल्यासारखाच तिथेही राज्यांचा विषय. केंद्राच्या हाताशी होतं ते सीमा संरक्षण दल. त्यात आठ ‘ग्रुपे’ आधीच होत्या. त्याच महिन्यात उलरिश वेगेनर या अधिकाऱ्याकडे नवी ‘ग्रुपे’ उभारायचं काम आलं. ती नववी, म्हणून ९.

२००५ मध्ये मूळ दलाचं नाव ‘बुंडेसपोलित्साय’, म्हणजे संघीय पोलीस झालं. सीमा गेली, पण या पथकाने जुनं नाव सोडलं नाही. १९७७ मध्ये मोगादिशूला अपहृत विमानातले ८६ ओलीस जिवंत सोडवल्यावर ते जगभर प्रसिद्ध झालं होतं. असं नाव कोण टाकेल?

आता मराठी. ‘गट’ मला अजिबात पटत नाही. गट बचतीचा असतो, नाहीतर पक्षातल्या नाराजांचा. ‘दल’ म्हणजे अख्खी संघटना, जसं सीमा सुरक्षा दल. ‘तुकडी’ कशाचा तरी तुकडा असते, शाळेतल्या ‘ब’ तुकडीसारखी. नेमक्या कामासाठी निवडून बांधलेली माणसं म्हणजे पथक : भरारी पथक, बॉम्बशोधक पथक. म्हणून ‘दहशतवादविरोधी पोलीस पथक’ म्हणावं, आणि त्यातला ‘पोलीस’ गाळू नये. बातम्यांत सर्रास ‘जर्मन कमांडो’ लिहितात. कमांडो हा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या लढाऊ टोळ्यांचा शब्द, तिथून तो ब्रिटिश लष्करात आला. जीएसजी ९ची माणसं पोलीस आहेत, संशयिताला जिवंत पकडून कोर्टापुढे उभं करणं हेही त्यांचं काम. कमांडो म्हटलं की हा फरक पुसला जातो.

उच्चारही सांगून ठेवतो : जर्मन माणूस ‘जीएसजी’ म्हणत नाही, ‘गे-एस-गे नॉइन’ म्हणतो.