स्पॅनिशची कुठली परीक्षा द्यावी?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, पुढं अमेरिकेत इंजिनिअरिंगला पाठवायचं चाललंय. दोन वर्षं ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय. कुणी म्हणतं एपी दे, कुणी क्लेप, क्लासवाले म्हणतात डेलेच करा. कॉलेजचं क्रेडिट नक्की कशानं मिळतं?
– एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, डेले आधी बाजूला ठेवा. सर्टिफिकेट भारी आहे, स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावानं मिळतं, एक्सपायर होत नाही, पण अमेरिकेत क्रेडिटसाठी (म्हणजे विषय झाला असं धरून डिग्रीत मोजायचे गुण) सहसा एपी नाहीतर क्लेपच विचारतात. ह्या दोन्ही कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा, कॉलेज बोर्ड नावाच्या अमेरिकन संस्थेच्याच.

एपी वर्षातून एकदाच, मे महिन्यात, म्हणजे आपली पोरं एन्ट्रन्सच्या धबडग्यात असतात तेव्हाच, आणि त्यात लिहायला पण लागतं आणि बोलायला पण. मार्क 1 ते 5, चांगली कॉलेजं 4-5 मागतात. क्लेप वर्षभर चालू असते, दीड तासाची, नुसतं ऐकणं आणि वाचणं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. (लेखनासकटचा पेपर वेगळा आहे, फॉर्म भरताना तेवढं बघा.) स्केल 20 ते 80, एसीई नावाची अमेरिकन शिक्षण संस्था 50 ला 6 क्रेडिट आणि 63 ला 9 सुचवते, पण ते नुसतं सुचवणं, कॉलेज आपलं स्वतःचं ठरवतं, आणि नावाजलेली बरीच प्रायव्हेट कॉलेजं क्लेप घेतच नाहीत.

सोपी वाटली तरी लिसनिंगला पोरं गचकतात. पहिल्या भागात छोटं संभाषण ऐकवतात आणि उत्तराचे पर्यायसुद्धा ऐकवतातच, स्क्रीनवर काही वाचायला नसतं, मग ॲपवर टिचक्या मारून शिकलेलं तिथं कामाला येत नाही. तुमच्याकडं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, तिचा कान तयार असणार म्हणा.

पण खरी गोम वेगळीच आहे. क्रेडिट मिळालं म्हणजे ते डिग्रीत धरलं जातंच असं नाही, इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी परकीय भाषा लागतच नाही, मग ते 6 क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या मार्कलिस्टवर) नुसते पडून राहतात आणि कॉलेजची फी तेवढीच. म्हणून फॉर्म भरायच्या आधी तिनं निवडलेल्या प्रत्येक कॉलेजला मेल टाकायला सांगा, की स्पॅनिशचं क्रेडिट माझ्या ब्रँचमध्ये कुठल्या कोर्सच्या जागी बसेल. कुठंच बसत नसेल तर परीक्षेचे डॉलर वाचवा. बसत असेल तर माझं मत क्लेप, आणि तीही तिकडं पोचल्यावर दिली तरी चालते, बऱ्याच कॉलेजांत सेंटर असतं. नापास झाली तर 3 महिन्यांनी परत देता येते.