ज्याची क्षमा मागायची तोच उरला नाही तेव्हा

प्रभूमध्ये प्रिय,

सलाम. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लगेच लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळींतच मी तुझी समजूत काढायला लागलो, म्हणून तो कागद बाजूला ठेवला. समजूत काढायची घाई असलेले लोक तुझ्याभोवती सध्या पुष्कळ असतील.

तू लिहिलंस की बाबा गेले त्याआधी तीन आठवडे तुमच्यात अबोला होता. शेवटचे शब्द तुझे होते आणि ते लागट होते. आता रडू येतं तेव्हा ते त्यांच्यासाठी की स्वतःच्या अपराधासाठी, हेच उमगत नाही. आणि क्षमा मागायची तर कुणाकडे?

ही दोन दुःखं एकमेकांत गुंतली आहेत, ती आधी सोडवून घे. बाबांसाठी रडणं हे पाप नाही, विश्वासाची उणीवही नाही. माझी आई गेली तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बजावलं होतं, "विश्वासणाऱ्यानं रडायचं नसतं." मी रडणं गिळलं, आणि पुढे कित्येक महिने मला प्रार्थनाही करता येईना. प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या विश्वासणाऱ्यांना पत्रात लिहिलं ते असं नव्हे. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं त्यानं लिहिलं. शोकच करू नका असं नाही. मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया यांना त्यानं "रडता कशाला" असं एकदाही म्हटलं नाही.

आता दुसरं दुःख, तुला रात्री झोपू न देणारं. इथे मला दावीद राजा आठवतो. बथशेबेची गोष्ट, तिला आपलीशी करून तिचा नवरा उरीया याला दावीदानं लढाईत मारवलं ती, आपण इतक्यांदा ऐकलेली असते की त्यातलं एक नजरेतून सुटतं. नाथान संदेष्टा दावीदाला त्याचा अपराध दाखवून "तो मनुष्य तूच आहेस" म्हणाला तेव्हा उरीया कधीच मेलेला होता. ज्याचा घात केला, त्याच्या पायांवर डोकं ठेवायची सोयच दावीदाला उरली नव्हती. ५१ वं स्तोत्र या प्रसंगाचं आहे. "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे" हे त्यातलं वचन मला फार वर्षं खटकायचं. मग उरीयाचं काय? आता वाटतं, दावीद उरीयाला वगळत नाही. उरीया ज्याच्या हातचा होता, त्याच्याकडेच तो गेला आहे. जो गेला त्याच्याशी आपल्याला बोलता येत नाही, पण त्याला ज्यानं घडवलं त्याच्याशी येतं.

म्हणून ते शब्द जसेच्या तसे देवापुढे उच्चार. "माझं काही चुकलं असेल तर" अशी प्रार्थना करू नकोस, तिच्यात कबुली नसते. राग कसला होता तेही सांग. मात्र जे तुझं नाही ते अंगावर घेऊ नकोस. अबोल्यात बाबांचाही वाटा असेल, तो त्यांचा. आणि त्यांचं जाणं ही तुला मिळालेली शिक्षा आहे, हा हिशेब तर मांडूच नकोस. येशूच्या काळी यरुशलेमेत शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं विचारून येशूनं स्वतःच "नाही" म्हटलं. त्या पापानंतर दावीदाचं बथशेबेपासून झालेलं बाळ मेलं ते काय, असं तू विचारशील. ते कठीण आहे, मी ते सोपं करून सांगणार नाही. पण दावीदाला ते संदेष्ट्यानं सांगितलं होतं. तुला कुणीही सांगितलेलं नाही, तुझ्या मनानं ठरवलं आहे.

पस्तावा येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही झाला होता. त्यासाठी घेतलेली चांदीची ३० नाणी त्यानं परत नेली, पाप केलं असं तोंडानं कबूलही केलं. पण कबूल केलं याजकांजवळ. "आम्हाला त्याचं काय?" म्हणून त्यांनी हात झटकले आणि तो एकटाच निघून गेला. येशू धरला गेला त्या रात्री, मी त्याला ओळखत नाही असं म्हणून बसलेला त्याचा शिष्य पेत्रही ढसाढसा रडला होता, पण तो इतर शिष्यांपासून तुटला नाही. तूही एकांतात शिरू नकोस. जिवाचं बरंवाईट करावं असं क्षणभर जरी वाटलं, तरी त्याच वेळी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

पेत्राचं पुढचं वाच, योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय. सरोवराच्या काठी येशूनं कोळशांचा विस्तव केला होता. पेत्रानं त्याला नाकारलं तेही कोळशांच्या विस्तवाशी उभं राहून. मूळ ग्रीकमधला तो शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तीनदा नाकारलं, तीनदा प्रश्न: "तू माझ्यावर प्रेम करतोस काय?" तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं. सांत्वन त्याला ठणकणाऱ्या जागेवरच घेऊन गेलं. तुझंही दुखणं प्रार्थनेनंतर आधी वाढेल, तेव्हा प्रार्थना फुकट गेली असं समजू नकोस. शोक करणाऱ्यांना सांत्वन मिळेल, या वचनातलं ग्रीक क्रियापद आणि पवित्र आत्म्यासाठी आलेला "कैवारी" हा शब्द एकाच मुळाचे आहेत: हाकेच्या अंतरावर बोलावलेला, बाजूला उभा राहणारा. दुःख पुसून टाकणं असा त्याचा अर्थ होत नाही.

दावीदाचं एक सांगायचं राहिलं. बाळ गेल्यावर तो जमिनीवरून उठला, अंघोळ केली, परमेश्वराच्या घरात जाऊन दंडवत घातला, जेवला. आणि मग त्यानं बथशेबेचं सांत्वन केलं. काही दिवसांपूर्वी त्याला स्वतःलाच उठता येत नव्हतं.

तुझी आई घरात आहे. ते शेवटचे शब्द तिला अजून सांगितले नसशील, तर सांग. कदाचित तिच्याही मनात बाबांना न बोललेलं काही असेल. या रविवारी उपासनेहून आल्यावर तिच्याजवळ बस.

तुम्हा दोघांसाठी रोज रात्री प्रार्थना करतो आहे.