आमचं नाटक महोत्सवात घेत नाहीत, मग एडिनबराला जावं का?

प्रश्न: आमच्या ग्रुपचं नाटक यंदा दोन महोत्सवांनी परत पाठवलं, का ते एकानेही सांगितलं नाही. एक मित्र म्हणतो स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या फ्रिंज या नाट्यमहोत्सवाला सिलेक्शनच नसतं, कुणीही जावं आणि प्रयोग लावावा. खरंय का हे? आणि ही निवडून घ्यायची भानगड आधीपासूनच आहे की आत्ताची?

उत्तर: भानगड जुनीच आहे हो, नाटकाच्या महोत्सवाइतकीच जुनी. प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सला डायोनिसस या देवाच्या नावाने जो उत्सव भरायचा त्यात शोकांतिकेची स्पर्धा असायची, तीन नाटककार, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि वर एक सॅटर नाटक, म्हणजे थट्टामस्करीचं. पण या तिघांत यायचं तर आधी आर्कन नावाच्या अधिकाऱ्याकडे जाऊन कोरस, म्हणजे नाटकात गाणारा-नाचणारा ताफा, मागायचा, त्याने दिला तर तुम्ही आत, नाही तर पुढच्या वर्षी बघू. कोरसच्या तालमीचा न् कपड्यांचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात घालायचे, म्हणजे स्पॉन्सरच म्हणा, फक्त त्याला नाही म्हणायची फारशी सोय नव्हती. परीक्षक चिठ्ठ्या टाकून दहा निवडायचे आणि दहांची मतं घेऊन त्यातली पाचच बाहेर काढून मोजायचे, लाच देणाऱ्याची पंचाईत व्हावी म्हणून. एवढं करूनही इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडीस या नाटककाराचं 'मीडिया' हे नाटक तिसरं आलं, तिघांत तिसरं, म्हणजे शेवटचं! पहिला आला युफोरिऑन, त्याचं नाव आज अभ्यासक सोडले तर कुणी घेत नाही. तेव्हा नकाराचं फार मनाला लावून घेऊ नका.

मधल्या काळात युरोपात नाटकं जास्त करून चर्चच्या सणांना चिकटलेली होती. आणि १७६९ मध्ये डेव्हिड गॅरिक या इंग्लिश नटाने शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, त्याच्या नावाने तीन दिवसांचा सोहळा केला, पाऊस असा कोसळला की मिरवणूक रद्द करावी लागली, आणि गंमत म्हणजे तीन दिवसांत शेक्सपिअरचं एकही नाटक झालं नाही. भाषणं, गाणी, आतषबाजी, सगळं झालं फक्त नाटक राहिलं. (असे महोत्सव आपण सगळ्यांनीच पाहिलेत, जाऊ द्या.)

आता तुमच्या मित्राचं. १९४७ मध्ये, महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, एडिनबराला आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, मोठमोठे ऑर्केस्ट्रा वगैरे बोलावलेले. आठ नाटक मंडळ्या न बोलावताच आल्या आणि जिथे जागा मिळाली तिथे प्रयोग लावले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककाराने पेपरात लिहिताना अशा प्रयोगांना महोत्सवाच्या कडेचे म्हटलं, फ्रिंज म्हणजे कडच, तेव्हापासून नाव चिकटलं. १९४७ लाच फ्रान्समध्ये आव्हीन्यों या गावी जाँ व्हिलार या दिग्दर्शकाने पोपच्या जुन्या वाड्याच्या चौकात उघड्यावर नाटकं केली, तिथेही १९६६ पासून आंद्रे बेनेदेत्तो या नाटककारामुळे 'ऑफ' नावाचा बिनबोलावलेला भाग वाढत गेला. बाहेर राहिलेल्यांनी दाराशीच मांडव घातला आणि पुढे मांडव घरापेक्षा मोठा झाला असं दोन्हीकडे झालंय.

तर सिलेक्शन नसतं हे खरं, फ्रिंज चालवणारी सोसायटी कुणाचं नाटक वाचून पास-नापास करत नाही. पण अर्धंच खरं, कारण हॉल फ्रिंजचे नसतात, ते चालवणारे वेगळे, आणि नावाजलेले हॉलवाले काय घ्यायचं ते स्वतः ठरवतात. बाकीच्यांकडे पैसे मोजा. रजिस्ट्रेशनची फी, हॉलचं भाडं, राहणं, पोस्टर, सगळं ग्रुपच्या खिशातून, आणि शेजारच्या गल्लीत त्याच वेळेला आणखी डझनभर प्रयोग चालू, त्यामुळे दुपारभर रस्त्यावर पत्रकं वाटायची तीही नटांनीच. माझ्या मते ही चाळणीच आहे, फक्त आर्कनच्या जागी भाडं आलं.

जायचंच असेल तर हॉलवाल्याचा कागद नीट वाचा, तिकीट कमी खपलं तरी ठरलेली किमान रक्कम भरायची अट असते का ते बघा. आणि नाटक घड्याळ लावून चालवून पाहा, कारण तिथे साधारण तासाभराचा स्लॉट मिळतो, लगेच पुढचा ग्रुप दारात उभा असतो, आणि तुमचं नेपथ्य काही मिनिटांत उचलून बाहेर काढायचं असतं. तुमच्या पत्रात लिहिलंय की नाटक दोन अंकी आहे आणि स्टेजवर झोपाळा आहे. झोपाळ्याचं काय करणार ते आधी ठरवा.