लॅन्थॅनम ऑक्साईडची भाजलेली चकती काही दिवसांत भुगा का होते? थिन फिल्मसाठी टिकणारं टार्गेट (ज्या चकतीतलं द्रव्य उडवून पातळ थर चढवतात ती) कसं करायचं?

भट्टीतून निघाली तेव्हा दगडासारखी होती आणि पंधरा दिवसांत डबीत पांढरा भुगा, असं तुम्ही लिहिलंय. भट्टीला बोल लावू नका. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फुलून फुटतो ना, तेच इथं हवेतल्या ओलाव्यानं सावकाश होतं. ऑक्साईडचं हायड्रॉक्साईड होताना आकारमान जवळजवळ 1.7 पट होतं. एवढी फूग कोणती चकती सोसेल?

नाशकात अंबडला आम्ही पहिली चकती काढली ती ऐन जुलैत, गोदावरीच्या पुराची खूण असलेला दुतोंड्या मारुती पाण्यात असताना. शनिवारी कपाटात ठेवली, सोमवारी तडे.

लॅन्थॅनमचा आयन लॅन्थॅनाइडांच्या घराण्यात सगळ्यात थोरला, त्रिज्या 1.03 अँगस्ट्रॉम, धाकट्या ल्युटेशियमची 0.86. आयन जेवढा मोठा तेवढं ऑक्साईड पाण्याला हपापलेलं. म्हणून यिट्रियानं (यिट्रियम ऑक्साईडनं) भागत असेल तर खुशाल तेच घ्या, निम्मी डोकेदुखी जाईल. पण गेट इन्सुलेटरसाठी (ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या विद्युतरोधक थरासाठी) लॅन्थॅनमच हवं असेल (सिलिकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 3.9, याचा 25च्या पुढे), तर त्याला एकटं ठेवू नका. झिर्कोनियाबरोबर (झिर्कोनियम ऑक्साईडबरोबर) लॅन्थॅनम-झिर्कोनियम 1:1 धरून पायरोक्लोर, म्हणजे दोघांचं मिळून एकच स्फटिकी संयुग, करा. स्थिरांक थोडा उतरतो, पण चकती पावसाळा काढते.

आता आम्ही जिथं फसलो ते. बाटलीतली पावडर तशीच तोलली. ती आधीच पाणी प्यायलेली असते. पूर्ण हायड्रॉक्साईड झालेल्या पावडरीत वजनाचा 14 टक्के भाग पाणीच. प्रमाण तिथंच चुकतं. आधी 1000 अंशांवर तापवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) निववा, लगेच तोला. बॉल मिलमध्ये पाणी नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. आणि मिसळण्यात आळस केलात तर न जुळलेल्या लॅन्थॅनमची बेटं आत राहतात. चकती वरून छान दिसते आणि तिथूनच फुटते. एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या तपासणीत ही बेटं थोडी असली तर निसटतात. आमची गावठी परीक्षा अशी: एक कपची तासभर पाण्यात उकळायची, रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी पाणी गढूळ दिसलं तर अख्खा घाणा परत दळायचा आणि भाजायचा.

शुद्ध लॅन्थॅनम ऑक्साईडचंच टार्गेट हवं असा गाईडचा हट्ट असेल तर व्हॅक्यूम पाकिटात सील करा, आणि पाकीट फोडाल ते थेट थर चढवण्याच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये बसवण्यासाठीच. फिल्मलाही हीच खोड असते, तेव्हा चेंबर उघडण्याआधी तिच्यावर दुसरा थर चढवून घ्या.